स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची मोनो-अनुरूपता : ग्रामीण श्रोत्याच्या दृष्टीने एक ऐतिहासिक विचार

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणते यंत्र कोणत्या साली निघाले याची नोंद त्यात सापडते. ते संगीत ज्याने ऐकले त्याच्यापाशी कोणते साधन होते, हा प्रश्न मागे राहतो. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव हे गाव उदाहरणादाखल घेऊ. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हे गाव. या मुलखातील श्रोत्याने गेल्या शतकात संगीत ऐकले ते मुख्यत्वे आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरून, एकाच ध्वनिवर्धकाच्या कॅसेटयंत्रावरून आणि सप्ताहाच्या मांडवातील कर्ण्यावरून. ही तिन्ही साधने एकमार्गी, म्हणजे मोनो होत. कर्णे चार लावले तरी चारांतून एकच ध्वनी निघतो. तेव्हा डाव्या व उजव्या अशा दोन मार्गांवर मुद्रित झालेले संगीत या श्रोत्यापर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

दोन मार्ग एकत्र केले असता तीन गोष्टी संभवतात. दोहोंत समान असलेला ध्वनी, उदाहरणार्थ मधोमध ठेवलेला गायकाचा आवाज, ६ डेसिबलने वाढतो. परस्परांशी संबंध नसलेले ध्वनी सुमारे ३ डेसिबलनेच वाढतात. म्हणून मोनोमध्ये गायक किंचित पुढे येतो आणि कडेची वाद्ये मागे सरतात. एका मार्गातील कंपने दुसऱ्याच्या नेमकी उलट असतील, तर मात्र बेरीज शून्य होऊन तो ध्वनी नाहीसाच होतो. एकच ध्वनी दुसऱ्या मार्गात थोड्या विलंबाने ठेवला तर नाश अंशतः होतो : विलंब एक सहस्रांश सेकंदाचा असल्यास ५००, १५००, २५०० हर्ट्झ या क्रमाने स्वरांत खिंडारे पडतात. दोन ध्वनिवर्धकांवर भरदार वाटणारा वाद्यमेळ कर्ण्यावर पोकळ वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

स्टिरिओच्या जनकांना ही अडचण ठाऊक होती. अॅलन ब्लमलाइन यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी इंग्लंडमध्ये पेटंटासाठी जो अर्ज केला, त्यात एकाच खोबणीत दोन मार्ग कोरण्याची योजना आहे. तिच्या ४५ अंशांच्या रचनेत सुईची आडवी हालचाल दोन्ही मार्गांची बेरीज दाखविते आणि उभी हालचाल त्यांची वजाबाकी. मोनो तबकडीची सुई आडवी हालचालच वाचीत असल्याने तिला आपोआप बेरीज मिळते. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या याच तत्त्वावर. शिवाय खर्जातील ध्वनी परस्परविरुद्ध असल्यास कोरणारी सुई वर उचलली जाऊन खोबण उथळ होई. म्हणून तबकडी कोरणारा तंत्रज्ञ खर्ज आधीच एकत्र करून घेई.

पुढील माध्यमांतही हेच धोरण आढळते. अमेरिकेत १९६१ साली मान्य झालेल्या एफ. एम. स्टिरिओ पद्धतीत मुख्य लहर बेरजेची असून वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर निराळी पाठविली जाते. जुना रेडिओ बेरीज ऐकतो. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमध्ये एका बाजूचे डावे व उजवे मार्ग शेजारी शेजारी ठेवले, त्यामुळे मोनो यंत्राचे शीर्ष दोन्ही मार्ग एकदम वाचते. थोडक्यात, एकमार्गी श्रोत्याला दिलेले वचन माध्यमाच्या घडणीतच गुंफलेले होते. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेले गीतरामायण मूळचेच मोनो. तेथे या वचनाची गरजही नव्हती.

१९८२ पासून संगीत अंकरूपाने तबकडीवर, व नंतर संगणकाच्या फायलीत, साठविले जाऊ लागले तेव्हा ही परिस्थिती पालटली. अंकांना खोबण नाही आणि उचलली जाणारी सुईही नाही. दोन्ही मार्ग पूर्णपणे परस्परविरुद्ध असले तरी फाइल तक्रार करीत नाही. पूर्वी माध्यम जी मर्यादा घालून देई, ती आता ध्वनिमिश्रण करणाऱ्याने स्वतःच पाळावयाची आहे. मोनो श्रोता मात्र इतिहासजमा झालेला नाही : एका ध्वनिवर्धकाचा भ्रमणध्वनी आणि देवळावरील कर्णा आजही बेरीजच ऐकवितात.

संगणकीय विश्लेषणाचे महत्त्व येथे आहे. त्यातील सहसंबंध-मापक दोन मार्गांचे साम्य +१ ते -१ या श्रेणीत दाखवितो. +१ म्हणजे दोन्ही मार्गांची कंपने एकरूप, शून्य म्हणजे असंबद्ध, आणि -१ म्हणजे पूर्ण विरोध. शून्य हा दोष नव्हे. दीर्घकाळ टिकणारे ऋण मूल्य हा मात्र इशारा समजावा. तसेच संपूर्ण रचनेचा एकच आकडा फसवा असतो. खर्जाच्या बळावर एकूण मूल्य धन राहते आणि टाळांच्या तार कंप्रतांत विरोध लपून बसतो. म्हणून कंप्रतांच्या पट्ट्या पाडून तपासणी करावी. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य साधनात एक मार्ग उलटा करून दुसऱ्यात मिळविला असता केवळ वजाबाकी ऐकू येते. मोनोमध्ये जे हरवणार ते तिच्यात स्पष्ट होते. शेवटी बेरीज एकाच ध्वनिवर्धकावर कानांनी ऐकावी.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही तपासणी साधन-चिकित्सा म्हणूनही उपयोगी आहे. वजाबाकी जवळजवळ निःशब्द असेल तर मुद्रण मूळचे मोनो होय. १९६१ नंतर मोनो मुद्रणांना विलंब व गाळण्या लावून कृत्रिम स्टिरिओ करण्याची प्रथा पडली. तिची ओळख बेरजेतील खिंडारांवरून पटू शकते. आणि गावोगावच्या कीर्तन-भारुडांच्या कॅसेटींबाबत तर हा प्रश्न निकडीचा आहे. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते. यंत्राचे शीर्ष तिरपे होऊन दोन मार्गांत केवळ २.४ मायक्रॉनचा फरक पडला, तरी बेरजेत १०,००० हर्ट्झचा ध्वनी नष्ट होतो. स्टिरिओ यंत्रावर फीत वाजवून, तपासणी न करता, दोन्ही मार्ग एकत्र करून जतन केले तर टाळांची व चिपळ्यांची धार त्या प्रतीत उरत नाही. पुढे मूळ फीत खराब झाली की हीच प्रत पुरावा ठरते. यास्तव प्रथम शीर्ष नीट जुळवावे, दोन्ही मार्ग निरनिराळे जतन करावेत, आणि बेरीज तपासूनच श्रोत्यांपुढे ठेवावी. कुंभार पिंपळगावच्या कर्ण्यावर जे ऐकू येत नाही, ते तेथील श्रोत्याच्या दृष्टीने गायिलेच गेलेले नसते.