पुनर्घटित चिलखत आणि इतिहासाचे प्रमाण

शिलालेख, नाणी, शिल्पे व उत्खनित वस्तू ही इतिहासाची साधने होत, याविषयी दुमत नाही. प्राचीन सैनिकांची शस्त्रे व चिलखते नव्याने घडवून ती अंगावर वागविणाऱ्या हौशी मंडळांच्या कार्यास मात्र या मालिकेत स्थान द्यावे किंवा कसे, हे ठरवावयाचे आहे. घडविलेली वस्तू अस्सल नव्हे. मग तिच्या साक्षीचे मोल काय? इंग्लंडमधील एका मंडळाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करता येईल.

‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ हे मंडळ १९७२ साली ग्लॉस्टरशर परगण्यात स्थापन झाले. तेथून जाणाऱ्या एका रोमन राजमार्गाचे नाव त्याने धारण केले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील रोमन सैन्य, त्यातही विसावे लीजन, हा त्याचा विषय होय. सभासद स्वेच्छेने येतात आणि साहित्य बहुतांशी स्वतः घडवितात. मंडळाच्या मुखपत्राचे नाव ‘एक्सेर्सितुस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सैन्य’, असे आहे.

या उद्योगास शास्त्रीय बैठक लाभली ती एका उत्खननामुळे. हेड्रियनच्या भिंतीनजीक कॉरब्रिज येथे १९६४ साली लोखंडी पट्ट्यांनी मढविलेली एक लाकडी पेटी सापडली. तीत इतर वस्तूंबरोबर पत्र्यांच्या चिलखताचे अनेक भाग होते. इ. स. ११३ मधील ट्राजनच्या स्तंभावर असे चिलखत घातलेले सैनिक कोरलेले आहेत. परंतु शिल्पात चिलखताची बाहेरची बाजू दिसते, आतली दिसत नाही. हे पत्रे चामड्याच्या अंगरख्यावर जडविलेले असावेत, असा तर्क पूर्वी केला जात असे. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे अभ्यासक एच. रसेल रॉबिन्सन यांनी कॉरब्रिजच्या अवशेषांवरून दाखवून दिले की, पत्रे आतून चामड्याच्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडलेले होते; अंगरख्याची गरजच नव्हती. त्यांचा रोमन चिलखतांवरील ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. मंडळाला त्यांचे मार्गदर्शन लाभले, आणि कागदावरची आकृती माणसांच्या खांद्यांवर चढली.

वापरातून काय निष्पन्न झाले? एक तर असे जोडलेले पत्रे एकमेकांवर सरकतात व सैनिकास वाकता-वळता येते. दुसरे असे की, या चिलखताच्या पितळी बिजागऱ्या व बकले नाजूक असून वारंवार तुटतात. रोमन छावण्यांच्या स्थळी हेच तुकडे मोठ्या संख्येने सापडतात. ते केवळ लढाईचे अवशेष मानण्याचे कारण उरत नाही; नित्याच्या वापरातील झीजही त्यास पुरेशी आहे.

खोगिराचे उदाहरणही असेच बोलके आहे. रोमन घोडेस्वारास रिकीब ठाऊक नव्हती. तेव्हा त्याची बैठक अस्थिर असणार, असे समजले जात असे. पीटर कॉनोली यांनी चामड्याचे अवशेष व ब्राँझचे पत्रे यांवरून चार शिंगांचे खोगीर सिद्ध केले. त्याच्या साह्याने रिकिबीवाचूनही स्वार घट्ट बसून शस्त्र चालवू शकतो, हे प्रत्यक्ष स्वारीत दिसून आले.

तथापि या निष्कर्षांची जात ओळखली पाहिजे. अमुक रचना शक्य आहे किंवा अशक्य आहे, एवढेच प्रयोग सांगतो. ती तशीच होती, असे तो सांगू शकत नाही. आजचा पत्रा यंत्रातून सारख्या जाडीचा निघतो. हातोड्याने ठोकलेला तसा नसे. आठवड्याच्या शेवटी कवायत करणारा नागरिक म्हणजे वीस-पंचवीस वर्षे चाकरी केलेला सैनिक नव्हे. शिवाय पुनर्घटनेचा एक धोकाही आहे. चांगले घडविलेले चिलखत चित्रांत, संग्रहालयांत व चित्रपटांत उतरते आणि वारंवार पाहिल्याने तेच मूळ वाटू लागते. रोमन सैनिकाचा अंगरखा लाल की पांढरा, याविषयी पुरावा दोन्ही बाजूंना आहे. जनमानसातला सैनिक मात्र लालच असतो. न्यूस्टेड येथील चिलखताची रॉबिन्सन यांनी केलेली मांडणीही पुढे बदलावी लागली. खुद्द ‘लोरिका सेग्मेंताता’ हे या चिलखताचे रूढ नावदेखील रोमन नाही. ते सोळाव्या शतकातील विद्वानांनी दिले. सैनिक त्यास काय म्हणत, हे कोणत्याही ग्रंथात आढळत नाही.

येथे तौलनिक भाषाशास्त्राची प्रथा मार्गदर्शक ठरते. लेखी पुरावा नसलेले, नियमांच्या आधारे सिद्ध केलेले शब्दरूप तारकाचिन्हासह लिहिले जाते. आउगुस्ट श्लायखर यांनी १८६८ साली अशा पुनर्घटित मूळ भाषेत मेंढी व घोडे यांची एक लहानशी कथा रचली. १९३९ साली हेर्मान हिर्ट यांनी ती निराळ्या रूपात मांडली, आणि पुढेही ती पुनःपुन्हा बदलत गेली. त्यामुळे पद्धतीस कमीपणा आला नाही. उलट प्रत्येक रूपातून त्या त्या काळच्या ज्ञानाची सीमा स्पष्ट झाली.

पुनर्घटित चिलखताचे स्थान असेच तारकांकित शब्दाचे आहे. त्यास पुराव्याचा दर्जा देणे चुकीचे; पण केवळ करमणूक म्हणून ते बाजूस सारणेही तितकेच चुकीचे होय. पुराव्यास कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यावरून कळते. अट एवढीच की, कोणता भाग अवशेषांवर आधारलेला, कोणता शिल्पावरून घेतलेला व कोणता केवळ अनुमानाचा, याची नोंद घडविणाऱ्याने प्रत्येक वस्तूबरोबर ठेविली पाहिजे. ही नोंद नसेल, तर उत्तम कारागिरीच इतिहासाची दिशाभूल करील.