रग्बी लीगमधील शरीरबळ, पकड आणि मेंदूवरील आघात : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रग्बी लीग या खेळाचा उगम श्रमिकांच्या मागणीत आहे. सामन्यासाठी खाणीतील वा गिरणीतील काम बुडाल्यास मजुरीची भरपाई मिळावी, या प्रश्नावरून उत्तर इंग्लंडमधील क्लब २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे मूळ संघटनेतून वेगळे झाले. त्या काळी खेळाडूचे शरीर कामावरच घडत असे.

१९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाल्यावर इंग्लंडमध्ये पूर्णवेळ व्यावसायिकता रुजली. शरीर व्यायामशाळेत घडू लागले. वजन आणि वेग वाढल्याने टक्करही तीव्र झाली. मेंदू मात्र व्यायामाने बळकट होत नाही.

टॅकल म्हणजेच पकडीचे तंत्रही बदलले. एकट्याने पाय वा कंबर धरण्याऐवजी दोन-तीन बचावपटू उभ्यानेच चेंडूधारकाच्या छातीला भिडू लागले. चेंडू सहकाऱ्याकडे जाऊ नये व खेळ मंदावावा, हा त्यामागील हेतू होय. परिणामी डोकी एकाच पातळीवर आली आणि पकड करणाराही धोक्यात आला.

नियम मागाहून आले. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय रग्बी लीगने २०१३ पासून खांद्याची धडक निषिद्ध ठरविली. सामन्यातील खेळाडूबदलांची मर्यादा २००१ मध्ये बारा होती, ती २०१६ मध्ये आठवर आली. २०१९ मध्ये तेथील दोन माजी खेळाडूंच्या मेंदूत वारंवारच्या आघातांशी निगडित ऱ्हासविकार मरणोत्तर तपासणीत आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

सारांश, १८९५ मध्ये प्रश्न बुडालेल्या मजुरीचा होता, आज तो ढळणाऱ्या स्मृतीचा आहे. खेळाची किंमत खेळाडूने सोसावी की उत्पन्न घेणाऱ्या संस्थेने, हा मूळ वाद कायम आहे.