जाळ्याने निवडलेला मासा

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यव्यवसायमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉड माशाची मासेमारी बंद केली. एका हुकमासरशी सुमारे ३०,००० माणसे बेकार झाली. गिरण्यांना लागलेली टाळी आम्ही पाहिली आहेत, म्हणूनच या इतिहासाकडे वळलो. आमची शाळा सातवीत सुटली. जीवशास्त्र आम्हांला त्यापायी मागाहून शिकावे लागले.

१४९७ साली जॉन कॅबट तिकडे पोहोचला, तेव्हापासून युरोपचे लोक या माशामागे लागले. तिथला कोळी व्यापाऱ्याकडून जाळे आणि पीठ उधार घेई नि सुकवलेल्या माशात फेडी. भाव अर्थात व्यापारी ठरवी. त्याविरुद्ध १९०८ साली विल्यम कोकर याने कोळ्यांची संघटना उभारली, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. एवढ्या शतकांत मासा मात्र पुरून उरला होता. मग कारखान्यासारखे परदेशी ट्रॉलर आले आणि १९६८ या एका वर्षात सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढले, तेव्हा त्यांची जागा देशी कंपन्यांच्या ट्रॉलरांनी घेतली. मालक बदलला, जाळे तेच!

आता हे जाळे काय करते ते पाहा. शेतकरी टपोरे कणीस बियाण्याला राखतो. जाळे नेमके उलटे करते : मोठा मासा अडकतो, लहान आसातून निसटतो. लहान मादी चार-पाच लाख अंडी घालीत असेल, तर थोराड मादीची गाबोळी पन्नास लाखांवर जाते. तीच आधी गेली. जी पोरवयात, आखूड अंगाने अंडी घालते, तिचीच पिल्ले मागे राहतात. २००४ साली शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून दाखविले की, १९९२ पूर्वीच कॉड लहान वयात, लहान आकारात प्रौढ होऊ लागला होता. हा बदल रक्तातला किती, परिस्थितीचा किती, हा वाद मिटलेला नाही. १९४० सालच्या नमुन्यांशी ताडून पाहिले असता आनुवंशिक वैविध्य फारसे घटलेले नाही, असे २०२१ च्या एका अभ्यासात आढळले.

किनाऱ्यावरचे कोळी मात्र १९८० नंतरच्या दशकात ओरडून सांगत होते की, मासा कमी येतो आणि बारका येतो. सरकारी हिशेब ट्रॉलरच्या पकडीवर बेतलेला. आणि उरलेला मासा जिथे गोळा होई तिथेच ट्रॉलर जाई! आकडा भरलेलाच दिसे. कामगाराच्या डोळ्यांना पुरावा न मानण्याची ही खोड आम्हांला परिचयाची आहे.

कॉड गेला तशी त्याचे भक्ष्य असलेली कोळंबी आणि खेकडा वाढले. त्यांवर काही होड्यांनी चांगला पैसाही केला; कॉड कापणाऱ्या बायाबापड्यांना त्यातले काम थोडेच मिळाले. बंदी उठली ती २०२४ साली, पहिल्या वर्षाला १८,००० टनांची मर्यादा घालून.