ब्रॉडवे रंगभूमीवरील कृष्णवर्णीय समलिंगी जीवन

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे ही अमेरिकेची प्रमुख व्यावसायिक रंगभूमी आहे. कृष्णवर्णीय आणि त्याचबरोबर समलिंगी असलेली व्यक्तिरेखा तेथे दीर्घकाळ बहुधा दुय्यम भूमिकांपुरतीच मर्यादित राहिली. २०१९नंतर अशा लेखकांच्या नाटकांना सर्वोच्च सन्मान लाभले. मात्र तिकीटबारीवर त्यांना तितके स्थैर्य मिळालेले नाही.

पार्श्वभूमी

लॉरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक १९५९मध्ये ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले ते तेथील पहिले नाटक होय. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाचा संघर्ष त्यात आहे. याच हॅन्सबेरी यांनी १९५७मध्ये ‘द लॅडर’ या समलिंगी स्त्रियांच्या नियतकालिकाला पत्रे लिहिली होती. परंतु ती केवळ आद्याक्षरांनिशी. जेम्स बाल्डविन यांच्या लेखनातही अशी विभागणी दिसते. पुरुषांमधील प्रेमावरील त्यांच्या ‘जिओव्हानीज रूम’ (१९५६) या कादंबरीतील प्रेमी गोरे आहेत, तर ‘ब्लूज फॉर मिस्टर चार्ली’ (१९६४) हे त्यांचे नाटक वर्णद्वेषातून झालेल्या हत्येविषयी आहे. एकाच आयुष्यातील ही दोन सत्ये रंगमंचावर एकत्र येऊ शकली नाहीत.

टोनी कुशनर यांचे ‘एंजल्स इन अमेरिका’ हे एड्सच्या साथीवरील नाटक १९९३मध्ये ब्रॉडवेवर आले. त्यातील बेलीझ हा कृष्णवर्णीय समलिंगी परिचारक संस्मरणीय ठरला. तथापि, तो कथेच्या केंद्रस्थानी नव्हता.

नवे नाटककार

टॅरेल आल्विन मॅकक्रेनी यांचे ‘कॉयर बॉय’ हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये २०१२मध्ये सादर झाले. कृष्णवर्णीय मुलांच्या निवासी शाळेत गायकवृंदाचे नेतृत्व करणारा समलिंगी विद्यार्थी त्याचा नायक आहे. ब्रॉडवेवर येण्यास या नाटकाला २०१९ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी जेरेमी ओ. हॅरिस यांचे ‘स्लेव्ह प्ले’ ब्रॉडवेवर आले. त्याला टोनी पुरस्कारांची १२ नामांकने मिळाली. गद्य नाटकासाठी हा तोपर्यंतचा उच्चांक होता. पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही. या नाटकाचा एक प्रयोग केवळ कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी योजण्यात आला होता. असेच प्रयोग २०२४मध्ये लंडनमध्ये जाहीर झाले, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने नापसंती व्यक्त केली.

मायकेल आर. जॅक्सन यांच्या ‘अ स्ट्रेंज लूप’ या संगीत नाटकाचा नायक नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करतो आणि आपल्यासारख्याच तरुणावर नाटक लिहू पाहतो. त्याच्या मनातील विचार सहा कलावंत साकारतात. या नाटकाला २०२०चे पुलित्झर पारितोषिक आणि २०२२चा सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. त्यातील एल मॉर्गन ली या अभिनयाच्या टोनीसाठी नामांकन मिळालेल्या, आपली ओळख जाहीर केलेल्या पहिल्या पारलिंगी कलावंत ठरल्या.

जेम्स आयजम्स यांच्या ‘फॅट हॅम’ला २०२२चे पुलित्झर पारितोषिक लाभले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ची कथा त्यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मेजवानीत आणली. पित्याचे भूत येथेही सूड मागते. पण समलिंगी नायक ज्यूसी हिंसेचा हा वारसा नाकारतो.

यश आणि मर्यादा

२०२३मध्ये जे. हॅरिसन घी आणि ॲलेक्स न्यूएल या कृष्णवर्णीय कलावंतांना अभिनयाचे टोनी पुरस्कार मिळाले. स्त्री वा पुरुष अशी ओळख न मानणाऱ्या, आणि तसे जाहीर केलेल्या कलावंतांना हा सन्मान प्रथमच लाभला.

याउलट, जॉर्डन ई. कूपर यांच्या ‘एन्ट नो मो’चे प्रयोग डिसेंबर २०२२मध्ये शुभारंभानंतर काही आठवड्यांतच थांबले, नंतर त्याला टोनीची सहा नामांकने मिळाली. ‘अ स्ट्रेंज लूप’ही सर्वोच्च पुरस्कारानंतर जानेवारी २०२३मध्ये बंद झाले. निर्मितीचा खर्च मोठा असल्याने प्रेक्षकवर्ग जमेपर्यंत नाटक सुरू ठेवणे निर्मात्यांना कठीण जाते.

अशा नाटकांचा प्रवास मात्र ब्रॉडवेवर संपत नाही. ‘फॅट हॅम’ २०२५मध्ये शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्ड येथे, रॉयल शेक्सपिअर कंपनीने सादर केले.