संशोधन-प्रकाशनातील नीतिमत्ता

संशोधनपर नियतकालिकांसाठी शोधनिबंध लिहिताना, तपासताना आणि प्रसिद्ध करताना लेखक, परीक्षक, संपादक व प्रकाशक यांनी पाळावयाच्या आचारनियमांना संशोधन-प्रकाशनातील नीतिमत्ता असे म्हणतात. शोधनिबंधाच्या वाचकाला मूळ प्रयोग किंवा पाहणी स्वतः करून पाहणे सहसा शक्य नसते. तो छापलेल्या मजकुरावर विसंबून पुढील संशोधन, अध्यापन किंवा रुग्णोपचार करतो. हा विश्वास टिकवणे हा या नियमांचा मुख्य हेतू होय.

इतिहास

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. आजच्या संशोधनपत्रिकांचे ते आद्य रूप मानले जाते. आचारनियम लेखी स्वरूपात आले ते मात्र बऱ्याच उशिरा. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले. त्यातून वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आकारास आली. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था स्थापन झाली. ‘कोप’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. गैरप्रकाराचा संशय आल्यास संपादकाने कोणत्या क्रमाने पावले उचलावीत, याचे मार्गदर्शन ती करते.

लेखकांची कर्तव्ये

बनावट आकडे देणे, खऱ्या आकड्यांत फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य हे तीन गंभीर दोष मानले जातात. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवणेही निषिद्ध आहे. संशोधनास अर्थसाहाय्य कोणी दिले आणि लेखकाचे आर्थिक हितसंबंध कोणते, हे उघड करावे लागते.

लेखक कोणास म्हणावे, यासाठी वरील आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत: संशोधनात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्यास संमती आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यामुळे केवळ विभागप्रमुख आहे किंवा निधी मिळवून दिला म्हणून कोणाचे नाव लेखकांत घालणे नियमबाह्य ठरते.

परीक्षक व संपादक

परीक्षकाने निबंधाविषयी गुप्तता पाळावी, त्यातील कल्पना स्वतःसाठी वापरू नये आणि हितसंबंध आड येत असल्यास परीक्षण नाकारावे, अशी अपेक्षा असते. संपादकाने निबंधाचा निर्णय गुणवत्तेवरच घ्यावयाचा असतो. प्रकाशकाचा व्यापारी लाभ किंवा लेखकाची ओळख यांचा त्यावर परिणाम होता कामा नये.

निबंध मागे घेणे

किरकोळ चुकीसाठी शुद्धिपत्र काढले जाते. निष्कर्षच अविश्वसनीय ठरल्यास निबंध मागे घेतला जातो. असा निबंध सहसा नाहीसा केला जात नाही. तो मागे घेतल्याची ठळक नोंद करून कारण दिले जाते.

‘द लॅन्सेट’ने फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व सहलेखकांचा १२ मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला. त्यात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला होता. लस उत्पादकांविरुद्धच्या दाव्यासाठी वकिलांमार्फत वेकफील्ड यांना मिळालेला पैसा त्यात उघड केला नव्हता. हा निबंध फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी मागे घेण्यात आला. दरम्यान ब्रिटनमध्ये या लशीचे प्रमाण घटले होते. याउलट, कोविड रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनविषयी २२ मे २०२० रोजी याच नियतकालिकात आलेला निबंध ४ जून रोजीच मागे घेतला गेला. त्याची मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळू शकली नव्हती.

भारतातील स्थिती

प्राध्यापकांची नेमणूक व पदोन्नती निबंधांच्या संख्येशी जोडली गेल्यावर पैसे घेऊन तपासणीविना निबंध छापणाऱ्या नियतकालिकांना वाव मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ नियतकालिकांचा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निम्न दर्जाची आढळली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. वाङ्मयचौर्याविषयीचे विनियमही २०१८ मध्येच लागू झाले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, तर ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते.

दर्जेदार नियतकालिकांच्या निवडीसाठी आयोगाने ‘यूजीसी-केअर’ यादी सुरू केली. तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील प्रकाशन नीतिमत्ता केंद्राकडे होते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी या विषयाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही अनिवार्य करण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी उच्च शिक्षणसंस्थांवर सोपवली. परिणामी संपादक मंडळ खरे आहे का, परीक्षणाची पद्धत जाहीर केली आहे का आणि शुल्क स्पष्टपणे नमूद केले आहे का, हे निबंध पाठवण्यापूर्वी पाहणे संशोधकासाठी अधिक महत्त्वाचे झाले आहे.