कान पाहतो तेव्हा

हातातला छापील कागद डावीउजवीकडे झपाट्याने हलवून पाहावा. अक्षरे पुसट होतात. कागद स्थिर ठेवून तितक्याच वेगाने मान हलवली तर मात्र वाचता येते. डोळ्यापुरते पाहिले तर दोन्ही हालचाली सारख्याच. मग हा भेद कशाने? याचे उत्तर कानात आहे, हे कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

पॅरिसमध्ये फ्लूराँसने कबुतरांच्या अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका एकेक करून छेदल्या. पक्ष्याला ऐकू येतच होते. पण जी नलिका छेदावी तिच्याच पातळीत त्याची मान हिसके घेऊ लागे. यातले इंगित १८७३ ते १८७५ या काळात तिघांनी स्वतंत्रपणे ओळखले: व्हिएन्नाचा वैद्य ब्रॉयर, एडिंबरोचा रसायनशास्त्रज्ञ क्रम ब्राऊन आणि प्रागचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक माख. माखची हकीकत मौजेची आहे. आगगाडी वळण घेत असता त्याला बाहेरची घरे नि झाडे कललेली दिसली. ‘खाली’ची दिशा बदलली असे कान सांगत होता, आणि डोळा ते मुकाट्याने मानत होता! असे कित्येकांना दिसले असेल. माखने मात्र फिरती खुर्ची करवून घेतली, आणि बाहेरचे काही दिसू नये अशा बंदोबस्तात तीत बसून स्वतःवरच प्रयोग केले. एकसारखे फिरणे काही वेळाने जाणवेनासे होते, गती बदलली की तेवढी जाणवते, असे त्याला आढळले.

पुढे मोजमापे झाली. डोके वळताच कानाची वर्दी निघते आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे तितकेच उलट वळतात. हलत्या कागदामागे धावणाऱ्या नजरेला याच्या जवळजवळ दहापट वेळ लागतो.

या व्यवस्थेचे मोल ती गेल्यावर समजले. क्षयावर गुणकारी ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने काही रुग्णांच्या कानातले हे इंद्रिय निकामी केले. अशाच एका डॉक्टर-रुग्णाने १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘जे. सी.’ एवढ्याच आद्याक्षरांनी आपला अनुभव लिहिला. अंथरुणावर पडून वाचताना नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी अक्षरे उडत. म्हणून पलंगाच्या उशाकडील दोन गजांत डोके दाबून धरून तो वाची. चालताना समोरचे चेहरे त्याला ओळखता येत नसत. कोण येत आहे हे पाहायचे, तर त्याला थांबावे लागे.