सर्वोच्च न्यायालय आणि एका शब्दाची चौतीस वर्षे



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर दोन शब्द लिहा, असा समितीचा आग्रह झाला. आम्ही गिरणीत पाळ्या करणारे. शिक्षण बारावी, बाकीचं वाचनालयात. आपल्या मुकुंदवाडीत भांडण झालं की कुणीतरी म्हणतंच, "सुप्रीम कोर्टात खेचीन!" पण ते कोर्ट काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं. ते कळलं एका रकान्यामुळं.

१९८९ ची गोष्ट. आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्ज भरत होतो. जाणत्या माणसानं सांगितलं, "धर्म हिंदू लिही, तर सवलत मिळंल. बौद्ध लिहिलं तर गेली." आम्ही घरी येऊन वडलांना विचारलं. वडील म्हणले, "बाबासाहेबांनी आपल्याला त्या घरातून भाईर काढलं. तू एका रकान्यापायी परत आत जातूस का?" आम्ही बौद्ध लिहिलं. बोलावणं आलं नाही. पुढं गिरणीत लागलो.

हे असं का होतं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी आहे. त्याच आदेशात लिहिलं होतं की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा या यादीत धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली. दीक्षा घेतली आणि कागदावरची सवलत गेली. वस्ती तीच, गरिबी तीच, गावातली वागणूकही तीच. पुढं महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचं दार बंदच राहिलं.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो आपल्याच राज्यातून. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, म्हणून निवड रद्द करा, असा अर्ज झाला. निवडणूक न्यायाधिकरणानं निवड रद्द केली, उच्च न्यायालयानं कायम ठेवली, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा रद्द केली. मेश्रामांच्या बाजूनं सांगितलं गेलं की घटनेच्या २५ व्या कलमात हिंदू या शब्दात बौद्धही धरले आहेत. न्यायालय म्हणालं, तो अर्थ त्या कलमापुरताच. १९५० च्या आदेशाला तो लागू नाही.

निकाल आपल्याला कडू लागला. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मूलभूत हक्क मोडणारा कायदा रद्द करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे. ३२ व्या कलमानं सामान्य माणूससुद्धा हक्कासाठी थेट तिथं दाद मागू शकतो. बाबासाहेबांनी घटना समितीत याच कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. परंतु अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशात नवा शब्द घालणं न्यायालयाच्या हाती नाही. ३४१ व्या कलमानं ते काम संसदेचं. न्यायालय लिहिलेल्या शब्दाचा अर्थ सांगतं. शब्द बदलायचा तर संसद हलवावी लागते.

आणि आपल्या समाजानं ती हलवली. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, लोक तुरुंगात गेले. अखेर १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात संसदेनं आदेश दुरुस्त केला आणि हिंदू, शीख यांच्या पुढं 'बौद्ध' हा शब्द आला. एका शब्दाला चौतीस वर्षं लागली. ही बातमी आम्ही वडलांना वाचून दाखवली. ते एवढंच म्हणले, "पुन्हा वाच."

म्हणून तरुणांना सांगणं आहे, कोणतं दार कशासाठी हे ओळखा. हक्क डावलला गेला तर न्यायालय. कायद्यातच उणीव असेल तर संघटना, मतपेटी आणि संसद. प्रत्येक वेळी दिल्लीलाच जावं लागतं असंही नाही. २२६ व्या कलमानं उच्च न्यायालयातही दाद मागता येते. औरंगाबादचं खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. त्यालाही आव्हान दिलं गेलं होतं, पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते खंडपीठ वैध ठरवलं. आज ते आपल्याच जालना रोडवर उभं आहे.

१९६४ मध्ये ज्या न्यायालयानं बौद्ध म्हणून एकाची राखीव जागा काढून घेतली, त्याच न्यायालयाचे सरन्यायाधीश म्हणून १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी शपथ घेतली. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. वडील हे पाहायला राहिले नाहीत.

आमच्या मुलीनं गेल्या वर्षी एक अर्ज भरला. धर्माच्या रकान्यात तिनं बौद्ध लिहिलं, जातीचा दाखला जोडला आणि पुढचं पान उलटलं. तिला थांबावं लागलं नाही. हे थांबणं कुणी संपवलं, एवढं मात्र तिनं आणि आपल्या सगळ्या लेकरांनी विसरू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!